वळवाच्या सरीत आकडा का चढतो?

वाचकांचे प्रश्न : या वेळचा विषय, हवेतला किरणोत्सर्ग

गायगर काउंटर आता काही हजारांत घरपोच येतो, आणि त्याबरोबर पत्रांचा सूरही बदलला आहे. पूर्वी लोक ‘किरणोत्सर्ग म्हणजे काय’ असं विचारत. आता ‘माझ्याकडे इतका आकडा आला, घाबरू का’ असं विचारतात. हा दुसरा प्रश्न आम्हाला जास्त आवडतो, कारण त्याला नेमकं उत्तर देता येतं.

मे महिन्याच्या शेवटी वळवाची जोरदार सर आली. पाऊस उघडल्यावर अंगणात ठेवलेल्या काउंटरची दहा मिनिटांची सरासरी २० सीपीएमवरून (म्हणजे मिनिटाला २० मोजण्यांवरून) २८ वर गेलेली दिसली आणि दीड-दोन तासांत आपोआप खाली आली. कुठल्या अणुभट्टीतून काही सुटलं असेल का? की यंत्रात पाणी गेलं?
— एक वाचक, चिपळूण

यंत्र ठीक आहे. जे सुटलं ते जमिनीतून सुटलं, आणि तिथून ते रोजच सुटत असतं.

खडकात आणि मातीत थोडं युरेनियम असतंच. त्याचे अणू टप्प्याटप्प्याने फुटत जातात; त्या साखळीत रेडॉन-२२२ हा वायू तयार होतो आणि मातीच्या फटींतून वर येतो. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) ३.८ दिवसांचं, म्हणजे ढगापर्यंत चढायला त्याला भरपूर वेळ मिळतो. रेडॉन वायू असला तरी त्याची पिलावळ मात्र घन पदार्थांची आहे: पोलोनियम-२१८ (अर्धायुष्य ३ मिनिटं), शिसं-२१४ (२७ मिनिटं), बिस्मथ-२१४ (२० मिनिटं). हे अणू जन्मताच धुळीच्या कणांना आणि ढगातल्या थेंबांना चिकटतात. सर कोसळली की उंचावरच्या हवेतली ही सगळी पिलावळ काही मिनिटांत धुऊन खाली येते, जमिनीवर तिचा पातळ थर बसतो आणि शिसं-बिस्मथचे गॅमा किरण तुमच्या काउंटरला दिसतात. पाऊस थांबला की नवा पुरवठा बंद होतो आणि जुना थर दर अर्ध्या तासाला साधारण निम्मा होत जातो. तुम्हाला दिसलेले दीड-दोन तास ते हेच.

वळवाच्या सरीत जे दिसतं ते आषाढातल्या संततधारेत बहुधा दिसत नाही, हेही तपासून पाहा. वळवाचे ढग जमिनीवरून तापून उठलेल्या हवेचे असतात. मोसमी वारे हजारो किलोमीटर समुद्रावरून येतात आणि समुद्रातून रेडॉन फारच थोडा निघतो. शिवाय ओल्या जमिनीच्या फटी पाण्याने बुजलेल्या असतात. म्हणून जुलैत पाऊस दसपट पडूनही आकडा जेमतेम हलतो.

खात्री करायची तर पुसण्याची चाचणी करा. पाऊस सुरू होण्याआधी गाडीचं बॉनेट किंवा जेवणाची तीन-चार मोठी स्टीलची ताटं धुऊन कोरडी करून उघड्यावर ठेवा. सर पडून गेल्यावर दहा मिनिटांच्या आत तो पृष्ठभाग टिशू पेपरने टिपून घ्या आणि घडी करून काउंटरच्या ट्यूबएवढी (किरण टिपणाऱ्या नळीएवढी) लहान करा. ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्यूबपासून एक सेंटिमीटरवर ठेवा. पिशवी यासाठी, की ओल्या कागदाने काउंटरच मळला तर पुढचे सगळे आकडे बाद होतात. मग पाच-पाच मिनिटांचे आकडे तीन तास टिपा. त्याच गठ्ठ्यातला कोरा टिशू अगोदर मोजून ठेवा आणि तो आकडा प्रत्येक वेळी वजा करा.

वजाबाकीनंतरचा आकडा अर्ध्या-पाऊण तासात निम्मा झाला, तर तो रेडॉन. तीन तासांनी थोडा शिल्लक राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चौथा-पाचवा हिस्सा उरला, तर थोरियमच्या साखळीतलं शिसं-२१२ असणार. त्याचं अर्धायुष्य १०.६ तास, म्हणजे तीन दिवसांत ते शंभरावा भागही उरत नाही. चौथ्या दिवशीही आकडा जागचा हलला नसेल, तर मात्र ती घडी फेकू नका. वेळ, जागा आणि सगळे आकडे लिहून ठेवा, कारण तिथून पुढे गोष्ट वेगळी होते. एकाच वेळी घेतलेल्या एका आकड्यावरून रेडॉन आणि अपघात यांत फरक करता येत नाही. तो फरक घड्याळ सांगतं.

माझा काउंटर एका मिनिटाला १३ दाखवतो, पुढच्या मिनिटाला २७. ‘अलार्म ३०’ लावला तर दिवसभर वाजतो. परत पाठवू का?
— विद्यार्थी, नाशिक

पाठवू नका, अलार्म बदला. अणूंचं फुटणं अनियमित असतं. सरासरी २० असेल तर एका मिनिटाच्या आकड्यात वीसच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे साडेचारचा, हेलकावा असतोच, आणि त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ११ ते २९, सगळं रोजचं. ३० किंवा त्याहून वरचा आकडा यायची शक्यता दर मिनिटाला दोन टक्क्यांच्या आसपास आहे. दिवसाची मिनिटं १४४०. म्हणजे काहीही न घडता अलार्म रोज तीसेक वेळा वाजणार, आणि आठवड्याभरात घरातले तो काढून टाकायला लावणार.

दहा मिनिटं मोजलं की २०० अधिक-उणे १४, म्हणजे मिनिटाला २० अधिक-उणे १.४. शंभर मिनिटांत हेलकावा ०.४५ वर येतो. अलार्म दहा मिनिटांच्या सरासरीवर लावा, आणि तो नेहमीच्या दुपटीवर ठेवा.

एसबीएम-२० ट्यूब वापरून स्वतः काउंटर जुळवला. हिवाळ्यात छान चालला. जूनपासून आकडे कधी ६०, कधी ५. मल्टिमीटर लावला तर ट्यूबवर ४०० ऐवजी २४० व्होल्ट दिसतात. ट्यूब गेली का?
— इलेक्ट्रॉनिक्सचे हौशी वाचक, रत्नागिरी

यात दोन वेगळे दोष मिसळले आहेत, आणि त्यांतला एक मुळात दोष नाहीच.

आधी २४० व्होल्टचं पाहू. ट्यूबला लागणारा प्रवाह नगण्य असतो, त्यामुळे किटमधला उच्चदाबाचा भागही नाजूक असतो. साध्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम. तो लावताच मीटरच भार बनतो आणि दाब खाली बसतो. म्हणजे तुम्ही मीटरने पाडलेला दाब मोजलात. १ गिगाओहमचा रेझिस्टर मीटरच्या लाल वायरीला एकसरीत जोडा. १० मेगाओहमच्या मीटरसोबत त्याची १०१ ने विभागणी होते: मीटरवर ३.९६ दिसलं की प्रत्यक्षात ४०० व्होल्ट. गिगाओहमच्या रेझिस्टरला बोट लावू नका. त्वचेचं तेल आणि घाम हाच त्याला समांतर रेझिस्टर होतो.

आता कधी ६०, कधी ५. हा कोकणातला पावसाळा. सोल्डरिंग केल्यावर बोर्डावर राहिलेला फ्लक्स कोरड्या हवेत गप्प बसतो. दमट हवेत तो पाणी धरतो आणि ४०० व्होल्टच्या रेषेवरून गळती सुरू होते. गळती ठिणग्यांसारखी तुटक असेल तर प्रत्येक ठिणगी एक मोजणी म्हणून नोंदली जाते आणि आकडा फुगतो. गळती सलग असेल तर दाब पडतो, ट्यूब आपल्या पट्ट्याच्या, म्हणजे साधारण ३५० ते ४७५ व्होल्टच्या, खाली जाते आणि आकडा कोसळतो. बॅटरी काढा, दहा मिनिटं थांबा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड दोन्ही बाजूंनी घासा. टेबललॅम्पखाली तासभर वाळवा आणि उच्चदाबाच्या भागावर बोर्डाचं पारदर्शक वॉर्निश मारा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, तीही दर महिन्याला कढईत कोरडी गरम करून.

उघडलंच आहे तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. ट्यूबच्या टोकांवर थेट सोल्डर केलं असेल तर काढा. उष्णतेने सील तडकतं आणि आतला वायू हळूहळू निसटतो. फ्यूज धरायच्या क्लिपा वापरा. साधारण ५ मेगाओहमचा अॅनोड रेझिस्टर ट्यूबच्या धन टोकाला अगदी लागून हवा. वायर लांब ठेवली तर वायरीतला साठा प्रत्येक स्पंदाबरोबर ट्यूबमधून जातो आणि तिचं आयुष्य घटतं. आणि मोबाइल काउंटरवर ठेवू नका. फोन वाजायच्या क्षणी आकडा उडतो तो त्यामुळे. (एसबीएम-२० पत्र्याची आहे म्हणून बरं. काचेच्या ट्यूबा उन्हातही मोजत सुटतात. त्यांना काळी चिकटपट्टी गुंडाळावी लागते.)

दुरुस्तीनंतर ट्यूबची तब्येत तपासायला कृषी सेवा केंद्रातून म्युरिएट ऑफ पोटॅश आणा. नैसर्गिक पोटॅशियमच्या दर ग्रॅमला सुमारे ३१ बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल) येतात, त्यामुळे किलोभर खतात पंधरा हजार बेकरेल सहज असतात. अर्धा किलो पातळ पिशवीत सीलबंद करा, ट्यूबला टेकवून तीस मिनिटं मोजा, आणि हेच दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करा. पिशवी तीच, जागा तीच. आकडा महिनोन्महिने तोच राहिला तर ट्यूब शाबूत. पेट्रोमॅक्सच्या जुन्या जाळीतही थोरियम असतं आणि ती याहून बरीच ‘गरम’ असते. पण जाळी चुरगळली तर भुकटी श्वासात जाते, म्हणून ती वापरायचीच तर पाकीट न फोडता. नव्या जाळ्यांत बहुधा थोरियम नसतंच.

२०१७ मध्ये युरोपभर हवेत किरणोत्सर्गी रुथेनियम सापडलं होतं असं वाचलं. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला फिल्टर लावून असं काही पकडता येईल का?
— अभियंता, पुणे

फिल्टरवर काहीतरी नक्की पकडाल. रुथेनियम मात्र नाही. का नाही, ते करून बघण्यासारखं आहे.

एन-९५ मास्क उसवून मधला, कापसासारखा थर काढा. कॉफी फिल्टर चालत नाही, त्यातून बारीक कण सरळ निघून जातात. नळीच्या तोंडावर हा थर ताणून चिकटपट्टीने बाजू बंद करा. हवा किती ओढली जाते ते मोजायला १०० लिटरची कचऱ्याची पिशवी बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावा. ती दहा सेकंदांत भरली तर सेकंदाला १० लिटर, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. बहुतेक घरगुती यंत्रांची मोटर ओढलेल्या हवेनेच थंड होते, म्हणून फिल्टर लावून वीस-तीस मिनिटांहून जास्त सलग चालवू नका. जळका वास येईपर्यंत वाट पाहणारे वाचक आमच्या परिचयाचे आहेत.

तळमजल्यावरची खोली रात्रभर बंद ठेवून सकाळी अर्धा तास हवा ओढा. १८ घनमीटर झाली. फिल्टर अभ्रकाच्या खिडकीच्या चपट्या ट्यूबखाली ठेवलात तर शेकडो सीपीएम दिसतील. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. ही परत रेडॉनचीच पिलावळ. चार-पाच तासांत जवळपास सगळी जाते, मागे थोडं शिसं-२१२ रेंगाळतं.

आता रुथेनियमचं गणित. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युरोपात अनेक ठिकाणी रुथेनियम-१०६ घनमीटरला काही मिलिबेकरेल होतं, रुमानियात काही ठिकाणी शंभराच्या वर. घनमीटरला ५ मिलिबेकरेल धरा. १८ घनमीटरमध्ये ९० मिलिबेकरेल, म्हणजे अकरा सेकंदांना एक अणू फुटणार. मिनिटाला पाच-सहा. त्यातला पाचवा भाग ट्यूबने टिपला तर मिनिटाला एक. ट्यूबचा स्वतःचा रोजचा आकडा चाळीसच्या आसपास. नाशिकच्या विद्यार्थ्याला दिलेलं वर्गमूळ इथे लावून पाहा: तो एक कुठे बुडाला ते दिसतंच. तासनतास मोजून एखादा हलका कल दिसला, तरी तो रुथेनियमचा, पोटॅशियमच्या धुळीचा की दाब बदलल्याचा, हे गायगर ट्यूब सांगू शकत नाही. तिला सगळे किरण सारखेच.

हवेतला किरणोत्सर्ग मोजणारी केंद्रं हे कसं साधतात? तीन गोष्टी एकत्र आणून. पहिली, हवा: तासाला शेकडो घनमीटर, तेही दिवस दिवस, काही ठिकाणी आठवडाभर. रेडॉनची पिलावळ फिल्टरवर दोन-तीन तासांत भरून थांबते, कारण जितकी येते तितकी फुटते. दीर्घायुषी अणू मात्र साठतच जातात, म्हणून जास्त वेळ हवा ओढण्याचा सगळा फायदा त्यांनाच मिळतो. दुसरी, थांबणं: अणुचाचणी बंदी कराराच्या जगभरच्या ८० किरणोत्सर्ग केंद्रांत (भारत या करारात नाही) फिल्टरवर २४ तास हवा ओढतात, मग तो २४ तास नुसता ठेवून देतात आणि मग २४ तास मोजतात. मधला ‘नुसता’ दिवस रेडॉनसाठी आणि शिसं-२१२ साठी. तिसरी, ओळख: शिशाच्या जाड भिंतीआड, द्रव नायट्रोजनच्या तापमानाजवळ थंड ठेवलेला जर्मेनियमचा स्फटिक प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा मोजतो. सीझियम-१३७ ची रेषा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर. रुथेनियमच्या पोटी जन्मणाऱ्या ऱ्होडियमची ६२२ वर. चाळीसचा फरक, घरगुती सोडियम आयोडाइड स्फटिकात या दोन रेषा एकमेकांत शिरतात, जर्मेनियमात सुट्या दिसतात.

नुसतं नाव कळलं की निम्मा तपास होतो. अणुभट्टी फुटली तर आयोडीन, सीझियम, टेल्यूरियम असा सगळा लवाजमा येतो. २०१७ मध्ये रुथेनियम जवळपास एकटंच होतं, म्हणून चालत्या भट्टीऐवजी वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणाऱ्या जागेकडे बोट गेलं. केंद्राकेंद्रांत ते कधी दिसू लागलं यावरून वारा उलटा चालवून पाहिल्यावर दक्षिण उरल भाग निघाला. तिथे मायाक हे पुनर्प्रक्रिया केंद्र आहे. रशियाने जबाबदारी नाकारली. १९९८ मध्ये उलट, फक्त सीझियम-१३७ दिसलं होतं. स्पेनमधल्या अल्हेसीरासजवळच्या पोलाद कारखान्यात भंगाराबरोबर एक किरणोत्सर्गी स्रोत भट्टीत वितळला होता. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडच्या फिल्टरवर ते आलं. आणि सीझियमसोबत सीझियम-१३४ आहे का हेही बघतात: ते अणुभट्टीत तयार होतं, बाँबच्या राखेत जवळपास नसतं, आणि दोन वर्षांत निम्मं होत असल्याने वय सांगतं.

युरोपातला हा आकड्यांचा व्यवहार ‘रिंग ऑफ फाइव्ह’ या अनौपचारिक जाळ्यातून चालतो. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्क आणि जर्मनी या पाच देशांच्या प्रयोगशाळांनी ते सुरू केलं; आता देश कितीतरी जास्त आहेत, नाव तेच राहिलं.

आम्ही कारवारजवळ राहतो, नातेवाईक काणकोणात. कैगाच्या भट्ट्यांतून काही हवेत येत असेल तर ते आमच्या काउंटरवर दिसेल ना?
— एक कुटुंब, कारवार

रोजच्या चालण्यात जे येतं, ते दिसणार नाही. कैगात २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत, जड पाण्यावरच्या. जड पाण्यात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तयार होतं आणि वाफेच्या रूपात त्यातलं थोडं चिमणीतून जातं. त्याचा बीटा किरण इतका दुबळा की हवेत सहा-सात मिलिमीटरच्या पुढे जात नाही. ट्यूबच्या पत्र्यातून शिरण्याचा प्रश्नच नाही. ट्रिटियम मोजण्याची रीत वेगळी. कोकणपट्टीच्या दमट हवेत घनमीटरला वीसेक ग्रॅम पाणी असतं. ही हवा सिलिका जेलमधून ओढून ते पाणी काढून घ्यायचं, चकाकणाऱ्या द्रवात मिसळायचं आणि अंधारात ते किती वेळा लुकलुकतं ते यंत्राने मोजायचं. आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायू तर कुठल्याच फिल्टरवर थांबत नाहीत.

प्रत्येक अणुऊर्जा केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती ३० किलोमीटरपर्यंतची हवा, पाणी, दूध, मासे, भाजीपाला, माती तपासते. जनतेसाठीची मर्यादा, सर्व मार्ग मिळून, वर्षाला १ मिलिसीव्हर्ट (सीव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक); ती अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिली आहे आणि मंडळाच्या वार्षिक अहवालांत केंद्रनिहाय आकडे छापलेले असतात. ते मागवून वाचा. केंद्राच्या जाहिरातीपेक्षा आणि विरोधी पत्रकापेक्षा ते तक्ते जास्त बोलतात, फक्त वाचायला कंटाळवाणे आहेत.

मग तुमचा काउंटर कशासाठी? मोठ्या अपघातासाठी आणि आपल्या जागेची सवय कळण्यासाठी. वर्षभर आकडे टिपले असतील तर वेगळं काही दिसल्यावर ते वेगळं आहे हे कळेल. एक सावधगिरी मात्र लक्षात ठेवा: फार तीव्र किरणोत्सर्गात स्वस्त काउंटर गुदमरतो. एका मोजणीनंतर ट्यूबला सावरायला सुमारे २०० मायक्रोसेकंद लागतात. स्पंद त्याहून दाट आले की आकडा अडकतो, काही यंत्रांत तर शून्यावर येतो. एकाएकी शून्य दाखवणारा काउंटर सुरक्षित जागेत आहे असं समजू नका.

अणुअपघात झालाच तर म्हणून आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का? नाहीतर आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्लं तर?
— गृहिणी, डोंबिवली

मिठाचं गणित करून टाकू. प्रौढाच्या एका गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, त्यात आयोडीन १०० मिलिग्रॅम. ग्राहकाच्या हातातल्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीसाठी साडेसहा किलोच्या वर मीठ. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर चीनमध्ये दुकानांतलं मीठ लोकांनी असंच संपवलं होतं. जखमेवर लावायचं आयोडीन पिऊ तर नकाच. गोळी फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते. सीझियमवर तिचा काही उपयोग नाही. ती कधी घ्यायची ते प्रशासन सांगतं, कारण वेळ चुकली तर ती निरुपयोगी आणि काहींना अपायकारक. तोवर दारं-खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखा बंद करून घरात थांबणं हा पहिला, बिनखर्चाचा उपाय.

आठवी-नववीच्या मुलांना आणि गावातल्या मोठ्यांनाही हा विषय समजावायचा आहे. शाळेच्या फलकावर रोजचा आकडा लिहावा म्हणतो. काय काळजी घ्यावी?
— शिक्षक, सावंतवाडी तालुका

फलक जरूर लावा, पण नुसता आकडा लिहू नका. मोजलेली वेळ, किती मिनिटांची सरासरी, जमिनीपासून उंची (एक मीटर ठेवा), खाली काय आहे, पाऊस होता का, यंत्र कोणतं, हे आकड्याशेजारी हवंच. ग्रॅनाइटच्या ओट्याशेजारी आणि मैदानात मोजलेले आकडे वेगळे येतात. सह्याद्रीचा बेसाल्ट युरेनियम-थोरियममध्ये गरीब आहे, ग्रॅनाइट श्रीमंत. मुंबईहून हैदराबादला गेलेल्याचा काउंटर वाढतो तो त्या खडकामुळे. मुलांना शाळेतच पाच जागा मोजायला लावा: जांभ्याची भिंत, फरशी, मैदान, विहिरीचा काठ, ग्रॅनाइटची पायरी.

दुसरी काळजी एककांची. बातम्यांमधली निम्मी घबराट मिलि आणि मायक्रो, ताशी आणि वार्षिक यांच्या घोळातून येते. मुलांकडून एक गुणाकार करून घ्या: ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्ट गुणिले वर्षाचे ८७६० तास, म्हणजे ८७६ मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे ०.८८ मिलिसीव्हर्ट. निसर्गाकडून माणसाला मिळणारा जागतिक सरासरी डोस वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट, त्यातला निम्मा श्वासातल्या रेडॉनच्या पिलावळीचा. हा निम्मा तुमच्या फलकावर कधीच दिसणार नाही, हेही तिथेच लिहा. फिल्टर किंवा टिशू मोजताना मात्र सीव्हर्ट वापरू नका, फक्त सीपीएम लिहा. यंत्रातला गुणक सीझियमच्या गॅमा किरणांसाठी बसवलेला असतो; बीटा मोजून त्याने गुणलेला आकडा निरर्थक असतो.

केळ्याशी तुलना टाळा. ‘इतका किरणोत्सर्ग म्हणजे इतकी केळी’ हे ऐकायला गोड, पण शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः राखतं, जादा आलेलं बाहेर टाकतं. सीझियम किंवा आयोडीनच्या बाबतीत तसं होत नाही. ज्याला हे माहीत आहे असा एक जण सभेत उठला की तुमचं उरलेलं खरंही खोटं ठरतं.

प्रयोग हवा असेल तर फुग्याचा करा. फुगा फुगवून लोकरीवर घासा, तळमजल्यावरच्या बंद खोलीत दोऱ्याने पाऊण तास टांगा, हवा काढून घडी करून ट्यूबला टेकवा. विद्युतभारामुळे रेडॉनची पिलावळ फुग्यावर जमते आणि आकडा चढतो. मुलं दर पाच मिनिटांनी बिंदू टाकून स्वतः अर्धायुष्य काढतात. हे डिसेंबर-जानेवारीत करा. तुमच्याकडच्या पावसाळी हवेत फुग्यावर भार टिकतच नाही, प्रयोग फसतो आणि मुलांना वाटतं रेडॉन ही थाप आहे.

मोठ्यांसाठी फुकुशिमाची हकिकत सांगा. मार्च २०११ मध्ये ढग कुठे जाईल याचं संगणकीय भाकीत करणारी यंत्रणा जपान सरकारकडे होती, पण तिचे नकाशे लोकांपर्यंत वेळेवर पोचले नाहीत. नामिए गावचे लोक जीव वाचवायला वायव्येकडच्या त्सुशिमा भागात गेले आणि काही दिवस तिथेच राहिले. ढगही त्याच दिशेला गेला. त्याच महिन्यात स्वयंसेवकांनी सेफकास्ट सुरू केलं. गाडीच्या खिडकीला चपट्या ट्यूबचा, जीपीएस जोडलेला काउंटर लावायचा, दर पाच सेकंदांना स्थानासह आकडा नोंदवायचा, आणि सगळे आकडे जसेच्या तसे खुले करायचे. एकाच गल्लीत दोन घरांचे आकडे वेगळे असू शकतात हे त्या नकाशांवर लोकांनी स्वतः पाहिलं. गटारी, पन्हळीखालची माती, शेवाळलेले कोपरे, म्हणजे पाणी जिथे साचतं तिथे सीझियम जास्त.

फलकाच्या वहीत खाडाखोड झाली तर जुना आकडा पुसू नका. एक रेघ मारून शेजारी नवा लिहा आणि कारण टाका: ‘बॅटरी उतरली होती’, ‘मुलाने खताची पिशवी जवळ ठेवली होती’.